आढ्याकडे बघताना

कामधंदा सोडून बसलेल्या माणसाला आपण म्हणतो, "आढ्याकडे काय बघत बसलायस?" आज मात्र मी तुम्हाला वर बघायलाच सांगणार आहे, पेशवाईतल्या वाड्यांच्या छताकडे.

वाड्याचं सारं गणित लाकडावर बेतलेलं. तुळई पेलेल तेवढंच दोन खांबांमधलं अंतर. तो झाला खण. खोली मोजायची तीही खणांतच. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि तीच वरच्या मजल्याची जमीन. हा कडीपाट. माजघरात, कोठीत तो उघडाच असे. वर कोणी चाललं की फटींतून बारीक माती खाली झरायची. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे.

दिवाणखान्यात हे कसं चालावं? तिथे कड्यांच्या खालून सागवानी फळ्यांचं दुसरं छत ठोकत. त्याचं नाव तक्तपोशी. माती अडली, कड्या झाकल्या आणि सुताराला कोरी पाटीच मिळाली! त्यानं पट्ट्या मारून चौकटी पाडल्या, चौकटींत चांदण्या, अष्टकोन, कमळं बसवली. खाली सुरूच्या आकाराचे खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, महिरपींशी लोंबणारी केळफुलं.

आणि बैठक कुठली? जमिनीवरची. गादी, लोड, तक्के. लोडाला रेललेल्या माणसाची नजर आपसूक वर जाते. रात्री हंड्या-झुंबरं पेटली की त्यांच्या सर्वांत जवळ असे ती तक्तपोशीच.

पण हे वैभव लाकडाचं. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची. १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. आज तिथे जोत्यांवर थेट आभाळ आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा, नाना फडणवीसांचा पुण्यातला नानावाडा आणि वाईजवळचा मेणवलीचा वाडा मात्र अजून उभे आहेत.

आपल्या फ्लॅटमधलं फॉल्स सीलिंग विजेच्या तारा झाकतं, तक्तपोशी माती झाकायची. युक्ती जुनीच आहे. बदलली ती आपली बसण्याची जागा. म्हणून वाडा बघायला गेलात तर उभ्यानं मान मोडून बघू नका. मुभा असेल तिथे घटकाभर खाली मांडी घाला. सुतारानं हे छत बसलेल्या माणसासाठी केलंय. कोणी हटकलंच, तर खुशाल सांगा, "आढ्याकडे बघत बसलोय!"