छापील किंमत आणि प्रत्यक्ष खर्च

बंद पाकिटातल्या मालावर छापलेली एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, ही विक्रीच्या किमतीची वरची मर्यादा असते. दुकानदाराला त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही. १९९० पूर्वी अनेक वेष्टनांवर किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापलेले असे. कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे आणि काही दुकानदार त्या तीन शब्दांच्या आडोशाने मनाला येईल ती रक्कम लावत. १९९० च्या दुरुस्तीने सर्व करांसह एकच आकडा छापण्याची पद्धत आली. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम हा तिचा आजचा आधार आहे. अगदी त्याच मालावर ठिकाण बघून दोन वेगळ्या एमआरपी छापायलाही २०१८ पासून बंदी आहे.

ही मर्यादा सरकार ठरवत नाही. औषधांसारखे काही अपवाद सोडले, तर उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ती ठरवतो. त्यामुळे आकडा मुळातच चढा ठेवून त्यावर भरघोस सूट दाखवायला वाव राहतो. मोठ्या दुकानांच्या बिलाखाली ‘आज आपले इतके रुपये वाचले’ अशी ओळ असते. ती बचत एमआरपीपासून मोजलेली असते. शेजारच्या दुकानात तीच वस्तू कितीला मिळते, याच्याशी त्या ओळीचा काही संबंध नसतो. दोन दुकानांची तुलना करताना सुटीचे टक्के बाजूला ठेवून हातातून जाणारी रक्कमच बघावी लागते.

मोठ्या दुकानांत माल स्वस्त मिळतो, यालाही कारणे आहेत. २००२ साली मुंबईत पवईला पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टचे उदाहरण बोलके आहे. या साखळीने बहुतेक दुकाने भाड्याने घेण्याऐवजी मालकीच्या जागेत उभारली, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात खरेदीचा भाव कमी करून घेतला, आणि वेगाने खपणाऱ्या मालावर भर दिला. नफ्याचे प्रमाण थोडे, पण उलाढाल मोठी, असे हे गणित आहे. तूरडाळ, साखर, तेल अशा ज्या वस्तूंचा भाव प्रत्येक घराला तोंडपाठ असतो, त्यांवर अशा दुकानांत कमीत कमी नफा घेतला जातो. गिऱ्हाईक त्या भावाने आत येते. पुढे डबे, चादरी, बादल्या, सुकामेवा, खेळणी अशा वस्तूंचा भाव कुणाला फारसा पाठ नसतो, आणि नफ्याची भर तिथे पडते. म्हणून चार-पाच ओळखीच्या वस्तूंवरून दुकानच स्वस्त ठरवले, तर अंदाज चुकतो. तुलना आपल्या घरच्या महिन्याच्या यादीची करायला हवी.

घाऊक भावाचा फायदा घरापर्यंत आणण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्रात बराच आधी रुळला. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एकगठ्ठा येतो आणि वाटप सभासदच करतात. इथेही एक खर्च आहे, तो श्रमाचा आणि वेळेचा. वाटपाच्या दिवशी हजर राहावे लागते आणि महिन्याची गरज आधी ओळखावी लागते. फरक इतकाच, की हा खर्च सभासदाला पहिल्या दिवसापासून माहीत असतो.

तुलनेचे खरे माप म्हणजे एकक-किंमत, अर्थात एका किलोला, एका लिटरला किंवा एका नगाला पडणारा भाव. समजा, एकाच चहाच्या पावडरचा २५० ग्रॅमचा पुडा १४५ रुपयांना, ५०० ग्रॅमचा २७५ रुपयांना आणि एक किलोचा ५६० रुपयांना आहे. किलोमागे भाव अनुक्रमे ५८०, ५५० आणि ५६० रुपये पडतो. मोठा पुडा नेहमीच स्वस्त, या समजाला इथे धक्का बसतो. आवेष्टित वस्तूंच्या नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने ही एकक-किंमत वेष्टनावरच छापण्याचा नियम केला. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर भाव दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला. ग्रॅमचा भाव दोन दशांश स्थळांपर्यंत दिला जातो, आणि खोच तिथेच आहे. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. पुड्यावर ‘०.४२ रुपये प्रति ग्रॅम’ असे छापले असेल, तर खरा भाव किलोला ४१५ पासून जवळजवळ ४२५ रुपयांपर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय हा छापील भाव एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानाने दिलेली सूट त्यात धरलेली नसते. दोन पुड्यांत थोडाच फरक दिसत असेल, तर दुकानाच्या किमतीला वजनाने भागून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

त्याच दुरुस्तीने ठरावीक वजनांच्या पाकिटांची सक्तीही काढून टाकली. पूर्वी चहा, बिस्किटे, खाद्यतेल, डिटर्जंट अशा वस्तू नेमून दिलेल्या वजनांतच विकाव्या लागत. आता ती अट नसल्यामुळे एकाच आकाराच्या दिसणाऱ्या दोन पिशव्यांत वेगवेगळा माल असू शकतो. खाद्यतेलात हे सहज लक्षात येते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्याच्याच शेजारी तशीच दिसणारी, पण ८००-८५० ग्रॅमची किंवा त्याहून कमी तेलाची पिशवी दहा-पंधरा रुपये कमी किमतीला ठेवलेली असते आणि लिटरचीच पिशवी स्वस्त मिळाली असे वाटते. तेल तापले की फुगते, याचाही उपयोग केला जात असे. सोयाबीन तेलाच्या एका लिटरचे वजन २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. म्हणजे पिशवीवर ६० अंश तापमान लिहून लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम तेल कमी भरता येई. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने तेल कंपन्यांना वेष्टनावर तापमानाचा उल्लेख टाळून नेमके वजन छापायला सांगितले. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत तर किंमत हलत नाही, आतला मालच कमी होत जातो. अशा वेळी बघायची ओळ एकच, निव्वळ वजनाची.

सुट्या मालात निव्वळ वजनाचा प्रश्न तराजूवर सुटतो. मिठाईचा खोका ८० ग्रॅमचा असेल आणि पेढे किलोला ६०० रुपये असतील, तर खोक्यासह वजन केल्यास पुठ्ठ्यापोटी ४८ रुपये जातात. रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणल्यावरच माल घालायला हवा. वैधमापन निरीक्षकाने तराजू तपासल्याचे प्रमाणपत्र दुकानात समोर लावणे बंधनकारक आहे.

सवलतीच्या भाषेचेही गणित करून पाहावे लागते. ‘पन्नास अधिक वीस टक्के सूट’ ही सत्तर टक्के नसते. शंभराचे आधी पन्नास होतात, पन्नासाचे पुढे चाळीस. सूट साठ टक्केच. ‘३३ टक्के जास्त माल’ म्हणजे किमतीत फक्त २५ टक्क्यांची कपात. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्क्यांची सूट, तीही तिन्ही नग मुदतीआधी वापरले गेले तर. तिसरा सॉस फ्रीजमध्ये खराब झाला, तर सुटीपैकी काहीच उरत नाही.

दुकानाच्या आतले छुपे खर्च बहुधा लहान असतात, पण दर खेपेला लागतात. फळीवरच्या पट्टीवर एक भाव आणि बिलात दुसरा, असे घडते, कारण योजना संपताच संगणकातला भाव बदलतो आणि पट्टी तशीच राहते. लावलेल्या दरापेक्षा जास्त रक्कम घेणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचा विषय आहे. पिशवीचे पैसे हा दुसरा प्रकार. आधी काही न सांगता ऐन पैसे देताना पिशवीची किंमत बिलात लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. जाण्यायेण्याचा खर्च बिलात कधीच येत नाही. समजा, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आहे आणि मोठे दुकान सहा किलोमीटरवर आहे. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीला जाऊन येऊन २८ रुपये लागतात, १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला ८४ रुपये, वर पार्किंग वेगळे. महिन्याची भरगच्च यादी असेल तर हा खर्च सहज भरून निघतो. एका तेलाच्या पिशवीसाठी केलेली फेरी तोट्यातच जाते.

घरपोच माल देणाऱ्या ॲपवर छुपा खर्च शेवटच्या पडद्यावर गोळा होतो. १६० रुपयांची मागणी धरू. घरपोच आणण्याचे २५, हाताळणीचे १०, मागणी लहान म्हणून २० रुपये लागले, तर बिल २१५ रुपये होते. म्हणजे माल एक तृतीयांशाहून अधिक महाग पडला. पावसात किंवा गर्दीच्या वेळी आणखी आकार लागू शकतो. पोहोचीचा खर्च टाळण्यासाठी मागणी मोफत पोहोचवण्याच्या रकमेपर्यंत वाढवली जाते आणि नको असलेली वस्तू घरात येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीबद्दल, म्हणजे डार्क पॅटर्नबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नमूद केले. सुरुवातीला कमी भाव दाखवून आकार एकेक करून उघड करणे, न मागितलेला विमा किंवा देणगी टोपलीत घालणे, ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई लावणे, वर्गणी रद्द करायची वाट लपवणे, हे सगळे त्यांत येते. ग्राहकाच्या संमतीची खूण आधीच करून ठेवायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही मनाई केली आहे.

महागड्या वस्तूंत हप्त्यांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. ३०,००० रुपयांचा फ्रीज क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत, वर्षाला १५ टक्के दराने घेतला, तर व्याज सुमारे १,२७० रुपये होते आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा केली जाते. पण कार्डावरच्या त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, ग्राहकाकडून घेतला जातो. प्रक्रिया शुल्क २०० रुपये धरले तर करासह आणखी २३६ रुपये. हप्ते बिनखर्चाचे म्हणवतात, पण साडेचारशेहून अधिक रुपये जातात. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट सुटली, तर तीही यातच धरायची.

वस्तू घरी आल्यावरही खर्च थांबत नाही. एसीला जास्तीची तांब्याची नळी, बाहेरच्या यंत्रासाठी स्टँड आणि बसवणुकीची मजुरी लागते; वाढीव वॉरंटीचे पैसे वेगळे. सर्वांत मोठा छुपा खर्च विजेचा असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलवर फ्रीजला वर्षाला किती युनिट वीज लागते, ते छापलेले असते. दोन फ्रीजमध्ये वर्षाला ८० युनिटांचा फरक असेल आणि युनिटला ९ रुपये पडत असतील, तर फरक वर्षाला ७२० रुपयांचा आणि दहा वर्षांत ७,२०० रुपयांचा होतो. खरेदीच्या वेळी चार हजारांनी महाग असलेला फ्रीज अशा हिशेबाने स्वस्त ठरतो.

या सगळ्याची तपासणी ठरावीक क्रमाने करता येते. आधी दोन्हीकडचा माल एकाच दर्जाचा आहे याची खात्री करावी. मग दुकानाच्या किमतीला निव्वळ वजनाने भागावे. त्यात पिशवी, पोहोच, हाताळणी, बसवणूक, हप्त्यांचे शुल्क आणि प्रवास मिळवावा. वाया जाणारा माल धरून भाव पुन्हा काढावा. यंत्र असेल तर विजेचाही हिशेब जोडावा. शेवटी येणाऱ्या आकड्यांची तुलना करावी. बिल काउंटर सोडण्यापूर्वी वाचून जपून ठेवावे, कारण तक्रारीचा पहिला पुरावा तेच असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एमआरपीपेक्षा जास्त आकारणी आणि वजनातील तूट यांची तक्रार वैधमापन यंत्रणेकडे करता येते. तिथे दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क भरावे लागत नाही.