रात्रीच्या गाडीनं सापाला

उत्तर व्हिएतनाममध्ये, चीनच्या सीमेजवळच्या डोंगरांत सापा हे गाव आहे, सुमारे १,५०० मीटर उंचीवर. डोंगरउतारावरच्या भातखाचरांतून पायी भटकायला जगभरचे लोक तिथं येतात.

राजधानी हनोईहून रात्री निघालेली आगगाडी पहाटे लाओ कायला पोचते. सापा तिथून पुढे ३८ किलोमीटरवर. मधला घाट बसनं चढायचा. हनोई-लाओ काय लोहमार्ग फ्रेंचांच्या काळातला. १९१० मध्ये तो थेट चीनमधल्या कुनमिंगपर्यंत पोचला होता. रूळ अजून मीटरगेज आणि मार्ग एकेरी, म्हणून जेमतेम ३०० किलोमीटरला आठेक तास लागतात. २०१४ साली द्रुतगती मार्ग झाल्यापासून बस लवकर पोचते, हे खरं. तरी मी गाडीच सुचवेन. पाठ टेकता येते, मुक्कामाचं भाडं वाचतं आणि चालायला अख्खा दिवस हाती राहतो. तिकीट मात्र चार बर्थच्या कप्प्याचं काढा. सहा बर्थच्या कप्प्यात सगळ्यात वर झोपणाऱ्याला धड बसताही येत नाही.

सप्टेंबरात खाचरं पिवळीधमक होतात. तोच काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुक्यात समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. जवळच्या ३,१४७ मीटर उंच फान्सीपान शिखरावर आता रोपवे जातो. पण खरं सापा खालच्या गावांत आहे. तिथं वाट दाखवायला मोंग किंवा झाओ समाजातल्या बायका असतात. वाटाड्या म्हणून त्यांनाच सोबत घ्या, म्हणजे तुमचा पैसा त्याच गावात राहील.