‘एकटी कां जातां?’

कल्याण स्टेशनापाशीं रेल्वेचा रस्ता दुभंगतो; एक फांटा भोर घाट चढून पुण्याकडे जातो आणि दुसरा थळ घाटानें नाशिककडे वळतो. सकाळच्या वेळीं या स्टेशनावर, अथवा अलीकडच्या डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या फलाटावर घटकाभर उभें राहिलें, तर हातांत पिशवी घेऊन एकट्यानेंच मुंबईची वाट धरणाऱ्या शेंकडों स्त्रिया दृष्टीस पडतात. कोणी कचेरींत जात असते, कोणी रुग्णालयांत, कोणी महाविद्यालयांत. ‘बाई, आपण एकट्याच कां निघालांत?’ असें त्यांना कोणी विचारीत नाहीं. इतकी ती गोष्ट आतां अंगवळणीं पडली आहे. परंतु याच कल्याणांत लहानाची मोठी झालेल्या एका मुलीला १८८३ सालीं हा प्रश्न इतक्या जणांनीं आणि इतक्या वेळां विचारला, कीं अखेर भर सभेंत उभें राहून तिला त्याचें उत्तर द्यावें लागलें.

ती मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांच्या पदवीची कथा मराठी घरांतून सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या पदवीच्या झळाळींत दुसरी एक तितकीच मोलाची गोष्ट मागें पडते. जी वाट आपण धरली ती कां धरली आणि तिच्यावर चालतांना काय सोसलें, हें त्यांनीं वेळोवेळीं शब्दांत मांडून ठेविलें. लोकरीतीहून वेगळें वागणारीं माणसें प्रत्येक काळांत असतात. आपल्या वागण्याचा हिशेब लोकांपुढें ठेवणारीं मात्र थोडीं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. घराणें कल्याणच्या जोश्यांचें. त्या वेळीं कल्याणाला आगगाडी येऊन अकरा वर्षें होत आलीं होतीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्यास पोंचली आणि पुढल्या वर्षीं लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. गांवाच्या दारांतून बाहेरचें जग जाऊं-येऊं लागलें. परंतु घराच्या माजघरापर्यंत त्या इंजिनाची शीळ ऐकूं येत असली, तरी तेथील आयुष्य हललें नव्हतें. १८७४ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, यमुनेचें लग्न झालें आणि ती आनंदी झाली. वर गोपाळराव जोशी हे टपाल खात्यांत नोकरीस होते. बिजवर, आणि वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे. बायकोला शिकवीन, ही त्यांची जिद्द होती. त्या जिद्दीपायीं त्यांनीं अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा मुलूख पालथा घातला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जगावेगळें जगण्याचा हा आरंभ आनंदीबाईंच्या इच्छेनें झाला नव्हता. तो पतीच्या हट्टानें झाला. अभ्यासासाठीं त्या मुलीनें मारहि खाल्ला. मग हें जीवन त्यांचें स्वतःचें केव्हां झालें? चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळीं योग्य उपचार मिळाले असते तर मूल वांचलें असतें, आणि पुरुष डॉक्टरापुढें जाण्यास संकोचणाऱ्या सहस्रावधि स्त्रियांची हीच गति होत असते, हें शल्य त्यांच्या मनांत कायमचें राहिलें. विद्या पतीनें दिली. तिचें प्रयोजन मात्र त्यांचें त्यांना सांपडलें, आणि तेंहि आपल्याच दुःखांत.

पुढें जें घडलें तें एका पत्रानें घडलें. पुष्कळ वर्षें कोल्हापुरांत राहून अमेरिकेस परतलेले वाइल्डर नांवाचे मिशनरी प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवीत. गोपाळरावांनीं त्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठीं साहाय्य मागितलें. वाइल्डरसाहेबांचें उत्तर धर्मांतराकडे बोट दाखविणारें होतें. परंतु त्यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटर नांवाच्या एका गृहिणीनें तो अंक दंतवैद्याकडे वाट पाहात बसली असतां सहज चाळला. तिनें आनंदीबाईंना पत्र लिहिलें, त्यांनीं उत्तर दिलें, आणि एकमेकींना कधीं न पाहिलेल्या या दोन स्त्रियांत मावशी-भाचीचें नातें जडलें. चालीरीति, सण, औषधें, धर्म, बालविवाह अशा नाना विषयांवर त्या एकमेकींना लिहीत राहिल्या. अनोळखी देशांत पाऊल ठेवण्यापूर्वींच आनंदीबाईंनीं तेथें एक घर जोडलें होतें. आणि तें केवळ लेखणीनें जोडलें होतें.

अमेरिकेस जाण्याचा बेत प्रकट झाला, तेव्हां बंगाल्यांत श्रीरामपुरास त्या राहात होत्या. चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें. त्याची मांडणी मोठी सरळ होती. लोक जे प्रश्न विचारीत ते त्यांनीं एकामागून एक घेतले आणि प्रत्येकाचें उत्तर दिलें. अमेरिकेस कां जातां? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटी कां जातां? परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय? संकट आलें तर काय कराल? आणि शेवटचा प्रश्न : जें आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें?

या उत्तरांत आवेश थोडा आणि अनुभव फार आहे. मुंबईंत पुस्तकें हातीं घेऊन पायीं शाळेस जातांना लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवून पाहात, रस्त्यांत उभे राहून हंसत, हें त्यांनीं सांगितलें. एकटी कां, या प्रश्नाला त्यांनीं कोणतेंहि मोठें तत्त्व पुढें केलें नाहीं. दोघांनीं मिळून जाण्याचाच विचार होता. परंतु तेवढा पैसा नाहीं, आणि पतीवर वृद्ध मातापितरांचा व धाकट्या भावंडांचा भार आहे, हें त्यांनीं निःसंकोचपणें सांगितलें. एकटेपणाचा त्यांना हव्यास नव्हता. इष्ट कार्यासाठीं तें पत्करावें लागलें म्हणून त्यांनीं पत्करलें. बहिष्काराविषयीं त्यांचें म्हणणें असें, कीं अन्न, वस्त्र, आचार यांत कांहींहि न बदलतां हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. आणि जें दुसऱ्या कोणीं केलें नाहीं तें आपणहि करूं नये, हा युक्तिवाद त्यांना मुळींच पटला नाहीं; जें सर्वांच्या हिताचें आहे त्यासाठीं प्रत्येकानें झटलें पाहिजे, असें त्यांनीं बजावलें. त्या वेळीं त्यांना अठरावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यू यॉर्कला उतरल्या. प्रवासांत मिशनरी स्त्रियांची सोबत होती. परंतु घरचें, आपल्या धर्माचें किंवा आपली भाषा बोलणारें कोणी नव्हतें. माणसांच्या घोळक्यांत राहूनहि एकटें असणें म्हणजे काय, याचा अनुभव त्या दोन महिन्यांत त्यांनीं घेतला. रोझेलला मावशीच्या घरीं मात्र त्यांना मुलीसारखी माया मिळाली. त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत त्यांना प्रवेश मिळाला.

तेथें श्रीरामपुरास दिलेल्या वचनाची कसोटी लागली. आहार शाकाहारीच राहिला. परंतु नऊवारी लुगडें पेनसिल्व्हेनियाच्या थंडींत अपुरें पडूं लागलें, कारण त्यानें पोटऱ्या आणि कंबर उघडी राहात. तेव्हां त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. आपला आचार न मोडतां देहाचें रक्षण कसें करावें, याचा तो साधा तोडगा होता; पण तोहि पतीला पत्रानें कळवावा लागला. हजारों मैलांवरून गोपाळरावांचा संशयहि पत्रांतून येत असे आणि उपदेशहि. अशाच एका पत्राच्या उत्तरांत आनंदीबाईंनीं लहानपणीं खाल्लेल्या माराची आठवण त्यांना करून दिली. पतीच्या त्या वागणुकीला चांगली म्हणावें कीं वाईट, हें ठरविणें कठीण आहे, असें त्यांनीं लिहिलें. त्यांत कृतज्ञता आहे आणि दुखावलेपणहि आहे. एकानें दुसऱ्याला झांकलेलें नाहीं. समोरासमोर, एका छपराखालीं, जें बोलतां आलें नसतें तें या दूरत्वानें आणि लेखणीनें बोलवून घेतलें.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनीं प्रबंध लिहिला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीहि त्यांच्याकडे येणार होती. परंतु थंडी, निकस आहार आणि अतिश्रम यांनीं शरीर पोखरलें होतें. क्षयानें ग्रासलेल्या स्थितींत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिन्याहून थोडेच अधिक दिवस उरले होते. कोल्हापूरची जागा त्यांच्यावांचूनच राहिली.

मग तो सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ज्या कार्यासाठीं त्या गेल्या तें त्यांच्या हातून घडलें नाहीं, आणि ही हानि गोड शब्दांनीं भरून निघण्यासारखी नाहीं. परंतु त्यांनीं लिहिलेलें आणि बोललेलें मागें राहिलें. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनें १८८८ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. काशीबाई कानिटकरांनीं मराठींत लिहिलें. दोन्ही चरित्रांचा प्राण आनंदीबाईंच्या पत्रांतच आहे. त्यांच्या पदवीदानाच्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या, तेथें दोन वर्षांहून अधिक राहिल्या, आणि १८८९ सालीं त्या देशाच्या लोकस्थितीचें नि प्रवासाचें वृत्त सांगणारें पुस्तक त्यांनीं मराठी वाचकांच्या हातीं ठेविलें. पुढें १९१८ सालीं हिंगण्याच्या आश्रमांतील पार्वतीबाई आठवले, विधवा आणि इंग्रजी जेमतेम जाणणाऱ्या, अमेरिकेस एकट्या गेल्या. परक्या घरीं मोलमजुरी करून राहिल्या. परत येऊन १९२८ सालीं त्यांनीं ‘माझी कहाणी’ लिहिली. या तिघींच्या वाटा एक नव्हत्या. एकीनें धर्म बदलला, दोघींनीं नाहीं. परंतु पाहिलेलें आणि सोसलेलें स्वतःपाशींच ठेवावयाचें नाहीं, एवढें व्रत तिघींचें समान होतें.

एकट्यानें केलेला प्रवास हा त्या माणसाबरोबर संपतो. तो लिहून ठेविला, तर मागून येणाऱ्याला निदान इतकें कळतें, कीं येथून कोणी तरी गेलें होतें, अमुक ठिकाणीं थंडी वाजली, अमुक ठिकाणीं मायेचें माणूस भेटलें. हें कळणें म्हणजे अर्धी सोबतच होय.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरमावशीकडे पाठविली. न्यू यॉर्क राज्यांतील पोकीप्सीच्या स्मशानभूमींत, त्या कुटुंबाच्या जागेंत, तिला विसांवा मिळाला. कल्याणच्या मुलीची माती दूर देशीं राहिली. पण सकाळच्या गाडीची वाट पाहात फलाटावर उभ्या असणाऱ्या ज्या स्त्रीला ‘एकटी कां?’ असें आतां कोणी विचारीत नाहीं, तिच्या वतीनें त्या प्रश्नाचें उत्तर एका मुलीनें फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे.