एकोणचाळीस आकडी मूळ संख्या



आम्ही कला शाखेचे पदवीधर. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर दडून बसणारे. पुढे पोटासाठी बँकेत आलो आणि आयुष्य आकड्यांतच गेले. त्या अधिकारावर दोन शब्द बोलतो.

जिला 1 आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. 2 चा तिसरा घात 8, त्यातून 1 वजा करा, 7 उरतात. पाचव्या घातातून 31 मिळतात. दोन्ही मूळ. पण अकराव्या घातातून 2047 येतात आणि ते 23 गुणिले 89 निघतात!

1644 साली फ्रान्समधील मर्सेन या विद्वान धर्मगुरूंनी 257 पर्यंतचे कोणते घात मूळ संख्या देतात, याची यादी छापली. तीत 67 होता, 127 होता. मोठ्या माणसाची यादी. पण ती पुरती तपासायला साधनच नव्हते. 1876 साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ते शोधले. लेमर यांनी नंतर सुटसुटीत केलेली त्याची रीत 31 वर पाहा. 4 घ्या, वर्ग करून 2 वजा करा: 14. पुन्हा तसेच: 194, त्याला 31 ने भागून बाकी 8. पुन्हा: 62. त्याला 31 ने पूर्ण भाग गेला, म्हणून 31 मूळ. घात पाचवा, पायऱ्या तीन. 127 व्या घाताला याच रीतीने 125 पायऱ्या लागतात. ल्यूकाने हातानेच ठरवले की,

170141183460469231731687303715884105727

ही मूळ संख्या आहे. 1951 पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

मात्र 67 चुकीचा ठरला. ती संख्या मूळ नाही हे 1876 मध्ये कळले. तिचे अवयव 193707721 आणि 761838257287 हे कोल यांनी 1903 साली अमेरिकेत मांडले. शिवाय 257 ही चूक होती आणि 61, 89, 107 यादीतून सुटले होते.

चूक आहे हे कळणे वेगळे, ती कुठे आहे हे सापडणे वेगळे. एका संध्याकाळी आमच्या शाखेत 63 रुपयांचा फरक आला. सर्वांनी नव्या मुलाकडे बोट दाखवले. आम्हीही गप्प राहिलो. फरकाला 9 ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, हे त्या मुलालाच आठवले. रात्री नोंद सापडली: 81 च्या जागी 18. अक्षर सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याचे होते. ते पान कोणी उघडलेच नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, 2024 साली चार कोटींहून अधिक आकड्यांची मूळ संख्या संगणकावर सापडली. तीही दुसऱ्यांनी तपासल्यावरच मान्य झाली. गणिताला भिऊ नका. लिहिणारा कितीही मोठा असो, पान उघडा आणि बेरीज स्वतः करून पाहा. त्या संध्याकाळी आम्ही ती केली नाही, याची खंत अजून आहे.