घोड्यावरचें बिऱ्हाड

दिवाळी सरून भाताची कापणी झाली, कीं आमच्या पालघर, वाडा तालुक्यांकडे देशावरचे धनगर उतरतात. घोड्यावर पालाचें कापड, भांडीं, कोंबड्या आणि वर तान्हें मूल, मागून मेंढरें. दख्खनी मेंढरांना कोंकणचा पाऊस सोसत नाहीं, म्हणून मृगापूर्वीं तीं पुन्हां घाट चढतात. तोंवर ज्याच्या शेतांत कळप रात्रीं बसेल, त्याला खत मिळतें. धनगराला धान्य किंवा पैसा. तारापुरास १९६९ सालीं अणुवीज आली, मागोमाग बोईसरचे कारखाने आले. त्या बाजूचीं पडीक रानें गेलीं. तें असो. निम्में वर्ष येथें, निम्में तेथें, मग या पोरांचें नांव कोणत्या शाळेच्या पटावर? एकदां एका आईस मीं विचारलें. ती म्हणाली, "मेंढरं मोजतोय की त्यो, मास्तर!" खडू-फळ्यांत आयुष्य घालविलेल्या मला उत्तर सुचलें नाहीं.