चेहऱ्यावरची पेन्सिल

कृष्णधवल फोटोंच्या काळात स्टुडिओत एक नाजूक काम चाले. फोटोग्राफर निगेटिव्ह उजेडासमोर धरून टोकदार शिसपेन्सिलीनं चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डाग, देवीचे व्रण भरून काढी. याला रिटचिंग म्हणत. गिऱ्हाईक खूश! आमच्या कुरुंद्यात कितीतरी भिंतींवर असे गुळगुळीत आजोबा टांगलेले आहेत. नातवंडांनी त्यांना ओळखायचं ते फेट्यावरून. (कवितेत हे काम विशेषणं करतात, तो भाग वेगळा.)

विसाव्या शतकाच्या आरंभी काही छायाचित्रकारांनी आग्रह धरला, की कॅमेऱ्याला दिसलं ते तसंच राहू द्यावं. अमेरिकेतला आल्फ्रेड स्टिगलिट्झ त्यांतला मोठा. चित्रकार जॉर्जिया ओकीफ पुढे त्याची पत्नी झाली. १९१७ ते १९३७ या काळात त्यानं तिचे तीनशेहून अधिक फोटो काढले. काहींत चेहराच नाही, नुसते हात. तरी ती व्यक्तिचित्रंच. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला कधी कधी तीन-चार मिनिटं प्रकाश द्यावा लागे. तेवढा वेळ तिनं हलायचं नाही, त्यानं बघत राहायचं. त्या फोटोंतली जवळीक मला या थांबण्यातून आलेली वाटते. आपल्याकडे देवीदास बागुल यांनी मराठी लेखक-कलावंतांचे कृष्णधवल फोटो काढले, तेही असेच निवांत बघावेत.

आमच्या घरी फोटोचा संकोच फार. अम्मीचा एकच फोटो आहे, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. समोर परका माणूस, म्हणून अब्बा त्याच्या खांद्याशी उभे राहिले. अम्मी कॅमेऱ्याकडे बघते आहे असं वाटतं. खरं तर ती अब्बांकडे बघते आहे. तिच्या गालांवर देवीचे व्रण होते. पासपोर्टच्या प्रती छापून झाल्यावर फोटोग्राफरनं हौसेनं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली आणि एक मोठी प्रत करून दिली. अब्बांनी ती निरखून पाहिली. "ये कौन है?" म्हणाले, आणि परत केली.

उरलेल्या छोट्या प्रतींपैकी एक माझ्या पाकिटात असते. परवा नातीनं मोबाइलवर तिचा फोटो घेतला, तर मोबाइलनं गाल आपोआप साफ केले. तिनं ती सोय बंद केली आणि पुन्हा घेतला.