पोलादनगरीतून अमेरिकेची राज्यघटना

परक्या देशाची राज्यव्यवस्था शिकताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक नडतात. भिलाईहून अमेरिकेतील विद्यापीठात शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याला याचा प्रत्यय लवकरच येतो. तिकडे काही राज्यांत पदवी कोणत्याही विषयाची असो, अमेरिकेच्या शासनव्यवस्थेचा अभ्यास करावाच लागतो. टेक्ससमध्ये तर सरकारी विद्यापीठांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना तो कायद्यानेच लागू आहे. वर्गात न बसता असा अभ्यासक्रम पुरा करण्याचीही एक सोय आहे. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा १९६७ पासून चालत आल्या आहेत. त्यांपैकी ‘अमेरिकन शासन’ या परीक्षेत दीड तासात सुमारे शंभर प्रश्न सोडवावयाचे असतात. गुण वीस ते ऐंशी या मापाने देतात आणि पन्नास गुण मिळाल्यास विद्यार्थ्याच्या खाती श्रेयांक, म्हणजे तिकडचे ‘क्रेडिट’, जमा करावे अशी शिफारस असते. ती मानावी की नाही हे ज्याच्या त्याच्या विद्यापीठाकडे. मानली गेली, तर एका अभ्यासक्रमाची डॉलरांतील फी वाचते. कारखान्याच्या पगारावर आणि भविष्यनिर्वाह निधीवर मुलाला परदेशी धाडणाऱ्या कुटुंबाला ही बचत लहान नाही.

अशा विद्यार्थ्याने नागरिकशास्त्र शाळेत वाचलेले असते, आणि पहिली फसगत तेथेच होते. ‘काँग्रेस’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे पक्ष उभा राहतो; तिकडे ती संसद आहे. ‘सेक्रेटरी’ म्हणजे आपल्याकडे सचिव, सनदी नोकर. तिकडे तो मंत्री, आणि ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा तर परराष्ट्रमंत्री. आपला मंत्री सहा महिन्यांच्या आत संसदेचा सभासद झाला नाही तर त्याचे मंत्रिपद जाते. तिकडे नेमके उलट: मंत्रिपद स्वीकारणाऱ्याला काँग्रेसमधील जागा सोडावी लागते. राज्यसभा आणि सिनेट यांचे वरवरचे साम्य तर फारच फसवे. दोहोंचे सभासद सहा वर्षांसाठी असतात, दोहोंतून दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. परंतु राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि छत्तीसगडला ५. सिनेटमध्ये मात्र अवाढव्य कॅलिफोर्नियाला दोन आणि चिमुकल्या वायोमिंगलाही दोनच. शिवाय धनविधेयक राज्यसभेला चौदा दिवसांपलीकडे अडविता येत नाही. सिनेटच्या संमतीवाचून तिकडे एक डॉलरही खर्ची पडत नाही.

तरीही आपली घटना बाजूला सारून परकी घटना कोऱ्या पाटीवर शिकावी, असे मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. अमेरिकेची कार्यकारी सत्ता अधिक स्थिर, पण विधिमंडळाला कमी जबाबदार. संसदीय सत्ता अधिक जबाबदार, पण कमी स्थिर. मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला, असे त्यांनी सांगितले. परीक्षार्थ्याने हे एकच सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, तरी पुढची शेकडो वाक्ये पाठ करण्याचे कष्ट वाचतील.

भिलाईच्या विद्यार्थ्याला आणखी एक सवलत आहे. सत्तेच्या विभाजनाचा अमेरिकेतील एक अत्यंत गाजलेला खटला पोलादाच्या गिरण्यांवरूनच झाला. १९५२ साली कोरियाचे युद्ध चालू होते. वेतनाच्या वादावरून पोलाद कामगारांचा संप जवळ आला. रणांगणावर दारूगोळा कमी पडेल या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिल रोजी हुकूम काढून देशातील बहुतेक पोलाद कारखाने वाणिज्यमंत्री सॉयर यांच्या ताब्यात दिले. मालक न्यायालयात गेले. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की हा हुकूम घटनेला धरून नाही. कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसचा. राष्ट्राध्यक्षाने तो आपल्या हाती घेणे योग्य नव्हे. विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकी दोन न्यायमूर्ती खुद्द ट्रुमन यांनीच नेमलेले होते! कारखाने मालकांना परत मिळाले, संप झाला, आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला.

या निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांचे सहमतीचे वेगळे निकालपत्र आहे आणि आज अधिक वाचले जाते ते तेच. काँग्रेसची संमती पाठीशी असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाची सत्ता पूर्ण भरतीला असते; काँग्रेस मौन असेल तेव्हा ती संधिप्रकाशात असते; आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध तो पाऊल टाकील तेव्हा तिला पुरती ओहोटी लागलेली असते, असा त्याचा आशय. आता याच्या शेजारी आपल्याकडील गोष्ट ठेवावी. १९७२ साली बर्नपूरच्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. आधी अध्यादेशाने, नंतर संसदेच्या कायद्याने. संसदेचे अधिवेशन नसताना अध्यादेश काढण्याची सोय आपल्या घटनेच्या १२३ व्या अनुच्छेदात आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा अधिकार नाही. ज्याने ब्लास्ट फर्नेसची धग आणि पाळीचा भोंगा लहानपणापासून अनुभवला आहे, त्याला हा फरक एकदा कळला की पुन्हा घोकावा लागत नाही.

दुसरा धडा तर थेट भिलाईच्या भावंडाचा आहे. भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारान्वये सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. पुढे बोकारोसाठी भारताने अमेरिकेकडे मदत मागितली. राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते. परंतु सरकारी मालकीच्या कारखान्यास अमेरिकन करदात्याचा पैसा देण्यास काँग्रेसमध्ये प्रखर विरोध झाला, आणि १९६३ साली भारताने आपली विनंती मागे घेतली. १९६५ साली बोकारोचा करारही सोव्हिएत संघाशी झाला. आपल्याकडे पंतप्रधानाने मनावर घेतलेली योजना त्याच्याच बहुमताने लोकसभेत फेटाळली, तर ते सरकारच टिकणे कठीण. केनेडींच्या पक्षाला तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत होते. योजना बुडाली, राष्ट्राध्यक्ष जागच्या जागी राहिले.

संघराज्याचे प्रकरण शिकण्यास तर भिलाईचा नकाशाच पुरेसा आहे. कारखान्याचा करार झाला त्या वेळी हे गाव ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती भोपाळ झाली, आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर. गाव तेथेच आहे; राज्ये त्याच्यावरून सरकत गेली. विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना यातले बरेचसे तोंडपाठ आहे. आपल्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये संसद राज्याची सीमा बदलू शकते; त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीखेरीज त्याचा तुकडा तोडता येत नाही. १८६३ साली व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले तेव्हा यादवी युद्ध चालू होते, व्हर्जिनिया फुटून निघाले होते. तरीही संमतीचा उपचार सोडला नाही. संघाशी एकनिष्ठ राहिलेल्या मंडळींच्या सरकारला व्हर्जिनियाचे सरकार मानून त्याची संमती घेण्यात आली! त्या संमतीला कोणी पळवाट म्हणेल. पण पळवाट शोधावी लागली, यावरून नियमाचे वजन कळते.

प्रत्यक्ष परीक्षेत राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस आणि नोकरशाही यांना सुमारे एक तृतीयांश जागा असते. न्यायालये व नागरी हक्क आणि घटनेची बैठक हे भाग आपल्या विद्यार्थ्याला फारसे जड जात नाहीत. कच्चे राहतात ते पक्ष, हितसंबंधी गट आणि मतदारांचे वर्तन. पक्षाचा उमेदवार वरिष्ठांच्या बैठकीत न ठरता प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवितात, हे आपल्याला विलक्षण वाटते. तसेच ५३८ निर्वाचकांपैकी २७० मिळविणारा राष्ट्राध्यक्ष होतो, मग जनतेची मते प्रतिस्पर्ध्याला अधिक का पडलेली असेनात. २००० आणि २०१६ साली तसेच घडले. या भागाला शेवटचे चार दिवस न देता आरंभीचे चार आठवडे द्यावेत. प्रश्नामागे सरासरी चोपन्न सेकंद मिळतात, म्हणून घड्याळ लावून सराव हवाच. आपल्याकडील अनेक स्पर्धा परीक्षांप्रमाणे येथे चुकीच्या उत्तराचे गुण कापीत नाहीत. तेव्हा संशय असला तरी चौकोन कोरा सोडण्याची जुनी सवय विद्यार्थ्याने भिलाईतच ठेवून जावी.